खंडेनवमीला बंद पडलेल्या नऊ पेट्या

आमच्या कंपनीत पाहुणा आला की त्याला पुढूनच फिरवतात. गेट, तुळस, ऑफिस, मशीनची खोली, मग चहा. मागच्या पत्र्याच्या शेडकडे त्याला कोणी नेत नाही, कारण तिथे ढीग असायचा. मेलेल्या पेट्यांचा ढीग. काळ्या, जड, विटेएवढ्या पेट्या, एकावर एक. पावसाळ्यात त्यात गवत उगवायचं आणि हिवाळ्यात त्यावर मांजर ऊन खात पडायचं. मी रोज त्याच बाजूच्या निंबाखाली डबा खायला बसायची आणि रोज माझं डोकं फिरायचं.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कसल्या पेट्यांबद्दल बोलतेय. जळगावच्या एमआयडीसीतली आमची कंपनी लहानशी, चाळीसेक माणसांची. आम्ही विहिरीवरच्या मोटारीसाठी मोबाईलवर चालणारी पेटी बनवतो. शेतातली वीज आज दिवसा तर उद्या रात्री. केळीवाल्याने, कपाशीवाल्याने किती वेळा विहिरीवर पळायचं? म्हणून स्टार्टरशेजारी ही पेटी लावायची, आत सिमकार्ड घालायचं. घरून मिस कॉल दिला की मोटार चालू. मोटार बंद पडली की पेटीच उलटा फोन करते आणि एका बाईच्या आवाजात सांगते, "आपली मोटार बंद झाली आहे." तो आवाज माझा. एका दुपारी चहा पिता पिता रेकॉर्ड करून घेतला होता. तेव्हापासून रावेरपासून साक्रीपर्यंत हजारो लोकांच्या कानात मी बोलते आणि माझा नवरा म्हणतो, घरात कमी बोलतेस म्हणून का!

कंपनीत सगळे मला अक्का म्हणतात. काम माझं दुरुस्तीचं. अठरा वर्षं एकाच टेबलावर बसलेय. आमचे थोरले मालक, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी मला सोल्डर करायला शिकवलं तेव्हा पेटीला चार स्क्रू असायचे. शेतकरी बंद पेटी घेऊन यायचा, मी उघडायची, जळालेला भाग काढायची, नवा लावायची, तोवर तो बाहेर चहा पिऊन यायचा. मग एका पावसाळ्यात मुंग्यांनी आणि पालींनी कहर केला. पालींनी तर आत संसारच थाटले. निम्म्या पेट्या परत आल्या. आबा चिडले आणि त्यांनी पेटीत रेझिन भरायला सुरुवात केली. दोन डब्यांतली दोन घट्ट द्रव्यं एकत्र घोटायची, आतल्या सर्किटच्या कार्डावर ओतायची, दुसऱ्या दिवशी सगळं दगडासारखं टणक. मुंगी शिरत नाही, पाल शिरत नाही, पाणी शिरत नाही. आणि अक्काचा स्क्रूड्रायव्हरही शिरत नाही.

मग माझ्या टेबलावर काम काय उरलं? शेतकरी पेटी आणायचा, मी वर-खाली करून बघायची आणि सांगायची, "भाऊ, नवी घ्या." आत नखाएवढा एखादा भाग जळालेला असायचा, बाकी सगळं ठणठणीत. पण रेझिन तोडायला जावं तर कार्डही तुटतं. ते वितळत नाही, जाळावं तर असला घाण धूर निघतो की शेजारच्या चटईच्या कारखान्यातले लोक भांडायला येतात. भंगारवाला आधी वजन बघून खूश व्हायचा, मग नाक मुरडायचा. आतलं तांबं त्याला ठाऊक होतं, पण काढणार कसं? शेवटी सगळं मागे, ढिगावर.

आबांनी कारभार मुलाकडे सोपवला. मुलगा शिकलेला, मनाने चांगला, पण उत्साहाला लगाम नाही. त्याला आम्ही भाऊ म्हणतो. आमच्या पेट्या घेणारी एक मोठी पंपवाली कंपनी आहे, परराज्यातली. तिने गेल्या वर्षी एक लांबलचक फॉर्म पाठवला. तुम्ही पर्यावरणासाठी काय करता? कचरा किती? थर्माकोल किती? बंद पडलेली वस्तू शेवटी कुठे जाते? भाऊने फॉर्म वाचला आणि दुसऱ्याच दिवशी गेट हिरवं रंगवलं. मग रोपं आली. आम्हा सगळ्यांना टोप्या घालून रांगेत उभं केलं, फोटो काढले. ज्या खड्ड्यात मागच्या वर्षीचं रोप वाळलं त्याच खड्ड्यात या वर्षीचं लावलं. मी तोंडावर पदर धरून हसत होते ते फोटोत आलंय.

त्यानंतर थर्माकोल. पेटी पॅक करायला थर्माकोल नको म्हणून भाऊने केळीच्या खांबाची वाळलेली सालं, म्हणजे सोपटं, मागवली. कल्पना वाईट नव्हती. आपल्याकडे केळी कापली की खांब बांधावर पडूनच असतात, सोपटं कोणालाही हवी तेवढी मिळतात. पण ती पुरती वाळली नव्हती. पंधरा दिवसांनी गोडाऊन उघडलं तर खोक्यांवर पांढरी बुरशी आणि आत शिळ्या भाजीसारखा वास. पॅकिंगच्या बाया नाकाला रुमाल बांधून बाहेर पळाल्या. मग शेवटी जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून भरायला लागलो, आणि तेच चांगलं चाललं. आजही तेच चालतं.

हे सगळं ठीक. पण फॉर्ममधल्या त्या एका प्रश्नापुढे, वस्तू शेवटी कुठे जाते, भाऊने लिहिलं होतं, "योग्य विल्हेवाट." ते मी टाईप झालेलं वाचलं आणि माझा पारा चढला. तशीच उठून ऑफिसात गेले.

"भाऊ, जरा मागे चला."

"आत्ता? अक्का, मी मीटिंगमध्ये..."

"आत्ताच."

निंबाखाली नेऊन उभं केलं. त्याने ढीग बघितला. बघितला म्हणजे, लहानपणापासून तो ढीग तिथे होताच, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. "हे सगळं आपलंच?"

"नाही, शेजाऱ्यांनी रात्री आणून टाकलं! आपलंच की. पुढे दहा रोपं लावा नाहीतर शंभर, मागे हे वाढतंच जाणार. ही पेटी उघडता आली असती तर यातल्या निम्म्याहून जास्त आज शेतात चालू असत्या."

भाऊ मुंग्या-पालींचं बोलला. मी म्हटलं, रेझिनऐवजी कार्डावर पातळ वार्निश मारू. दमटपणा लागत नाही आणि हवं तेव्हा खरवडून सोल्डर करता येतं. चार स्क्रू, झाकणाला रबराची पट्टी, हवेसाठी खाचा आणि खाचांना इतकी बारीक जाळी की मुंगी बाहेर उभी राहून रडेल.

हे आबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी आबा ऑफिसात हजर. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर नाही पण धोतरातल्या माणसाचा रुबाब. माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, तुले परत पाली पाळन्या शेत का?" म्हणजे तुला परत पाली पाळायच्या आहेत का. आबा चिडले की अहिराणीत बोलतात, आणि खूश असले तरी अहिराणीतच बोलतात, त्यामुळे चेहरा बघावा लागतो. तेव्हा चेहरा चिडलेलाच होता.

मग भाऊने तोडगा काढला. माझ्या पद्धतीच्या चोवीस पेट्या बनवायच्या, ओळखीच्या शेतकऱ्यांना लावायला द्यायच्या, दिवाळीपर्यंत बघायचं. दोनपर्यंत बंद पडल्या तर माफ. तिसरी पडली की रेझिन कायम. आणि रेझिन कायम म्हणजे दुरुस्तीला काही उरतच नाही, तेव्हा माझं टेबल काढून तिथे दुसरी लाईन टाकायची. मी पॅकिंगला.

पॅकिंग काही हलकं काम नाही. पण मी घाबरले. घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, अठरा वर्षं ज्या हाताने बारीकातलं बारीक सोल्डर केलं, त्या हाताने आता खोक्याला टेप लावायची? आणि मी कबूल करून बसलेली. तोंड माझं, दुसऱ्याला काय बोल लावणार.

मग मी त्या पेट्यांच्या मागेच लागले. खाचा समोरच्या बाजूला, जरा वर घेतल्या आणि त्यांच्यावर टोपीसारखी पत्र्याची पट्टी काढली, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. झारीने वरून पाणी ओतून बघितलं. कोरडी. रस्त्यावरची माती उधळून बघितली. पेटीशेजारी गुळाचा खडा ठेवून चार दिवस मुंग्यांना आमंत्रण दिलं. मुंग्या गूळ घेऊन गेल्या, आत एकही शिरली नाही. भिंतीवरच्या पालीनेही दोन दिवस बसून पाहिलं आणि निघून गेली. मी तर आनंदाने सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

श्रावणात पेट्या लागल्या. काही बोदवडकडे, काही पूर्वेला केळीच्या पट्ट्यात, काही धुळे जिल्ह्यात सोनगीर आणि पिंपळनेरकडे. एक आबांच्या स्वतःच्या विहिरीवर, एरंडोलच्या अलीकडे. "लाव," म्हणाले, "मी सोता ध्यान ठेवसू." श्रावण गेला, भाद्रपद गेला. धो धो पाऊस झाला, वीज कडाडली. एकही पेटी बंद नाही! मी कंपनीत मान वर करून फिरायला लागले. भाऊला जाता-येता विचारायची, "किती झाल्या हो भाऊ?" तो बिचारा हसून बोटांनी शून्य दाखवायचा.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा. ज्याचं जे हत्यार. आमच्या कंपनीत त्या दिवशी सगळ्या मशीन धुऊनपुसून, सोल्डरच्या गन ओळीने पाटावर मांडतात, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. पाटाला हळद-कुंकू वाहण्याचा मान दर वर्षी माझा. गेटवर भाऊने नारळ फोडला, मी खोबऱ्याचे तुकडे वाटत होते. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. बोदवडचा कपाशीवाला.

"अक्का, तुमचा सारखा फोन येऊन राहिला."

"माझा? मी तर इथे प्रसाद वाटतेय!"

"अहो पेटीतून! मोटार चालू झाली आहे, मोटार बंद झाली आहे, मोटार चालू झाली आहे. सकाळपासून डोकं उठवलं तुम्ही. आणि मोटार तर जागची हलत नाही."

"काय केलं तुम्ही पेटीला?"

"काही नाही. पूजा केली."

"कशी?"

"कशी म्हणजे? जशी करतात तशी. हळद-कुंकू वाहिलं, माळ घातली, नारळ फोडला."

"आणि नारळाचं पाणी?"

"शिंपडलं की पेटीवर. जिच्या जिवावर कपाशी उभी, तिला आजच्या दिवशी कोरडी ठेवू?"

मी तिथेच कपाळावर हात मारला. खोबऱ्याची ताटली पडली. पाऊस वरून येतो, त्याला मी टोपी घातली. नारळाचं पाणी समोरून येतं, ओंजळीने, चांगलं भरघोस, आणि नेमकं त्या खाचांवर! मुंगी, पाल, माती, पाऊस, सगळ्यांचा विचार केला. माझ्या स्वतःच्या बोटांना हळद-कुंकू लागलेलं, आणि माणूस पेटीची पूजा करेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. सत्यानाश!

रेझिनच्या पेटीला किती का नारळ फोडा, काही होत नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांत कोणाला पत्ताच नव्हता. दुपारपर्यंत केळीच्या पट्ट्यातून तीन फोन. त्यातला एक थेट भाऊला गेला होता. चार वाजता त्याचा फोन आला, आवाज हळू. "अक्का, तीनच्या वर झाल्या."

"माहीत आहे."

"म्हणजे आपलं ठरलं होतं तसं..."

"ठरलं होतं ते ठरलं होतं, भाऊ. मी हरले. पण केळीला पाणी पाहिजे. उद्या मला गाडी द्या."

"उद्या दसरा आहे."

"केळीला माहीत नाही." असं म्हणून मी फोन ठेवला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळपर्यंत आकडा आठावर गेला.

दसऱ्याच्या सकाळी घरात पुरण शिजत होतं आणि मी ब्रश, स्पिरिट, सोल्डर, जुनी सुती फडकी पिशवीत भरत होते. नवरा म्हणाला, "लोक सोनं लुटायला निघतात, आमची बायको नारळाचं पाणी पुसायला." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने दोन पुरणपोळ्या डब्यात घालून दिल्या. गाडीचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा रागात. नऊ दिवसांचा कडक उपास केलेला माणूस, आज जेवणार तर बोदवडच्या रस्त्यावर. पुरणपोळी त्यालाच दिली तेव्हा कुठे गिअर बदलला.

बोदवडच्या विहिरीवर कपाशीवाला आणि त्याची बायको वाट बघत उभे. पेटीला झेंडूची माळ, कुंकवाचे पाच ठसठशीत ठिपके. मी चार स्क्रू काढले. आतून नारळाचा गोड वास! कार्ड चिकट झालेलं, त्यावर लाल-पिवळी पूड. ब्रशने स्पिरिट लावून कार्ड धुतलं, विहिरीच्या कठड्यावर उन्हात ठेवलं, जाळी धुतली. एका जागी काळं पडलं होतं तिथलं खरवडून परत सोल्डर केलं. अर्ध्या तासात झाकण लावलं. मिस कॉल दिला. मोटार घरघरली, पाइपातून पाणी आलं.

त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"मग मागची पेटी तुम्ही फेकून द्यायला सांगितली होती ती?"

मी पिशवी आवरायला लागले. तेवढ्यात कपाशीवाल्याने पेटी चालू झाली म्हणून भक्तिभावाने हात जोडले आणि तांब्या उचलला. मी एवढ्या जोरात ओरडले की बांधावरचे बगळे उडाले.

त्या दिवशी केळीच्या पट्ट्यातल्या तीन केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच धुळ्याकडे. सोनगीरचा शेतकरी भेटल्या भेटल्या सुरू झाला, "अक्का, तुनी पेटी मनं डोकं खाई ऱ्हायनी! मी सासुरवाडीले सोनं देवाले गऊ, बठ्ठा पाहुणा बठेल, आन तू खिसामा बोली ऱ्हायनी." सासऱ्याने विचारलं म्हणे, जावईबापू, ही कोण बाई सारखी फोन करतेय? बायकोने तर मोबाईल हिसकावून कानाला लावला. आतून मी शांतपणे, "आपली मोटार बंद झाली आहे." मी हसून हसून स्क्रू पाडला, मग आम्ही दोघं गवतात तो शोधत बसलो.

पिंपळनेरला मात्र अडचण झाली. तिथली म्हातारी मला पेटीला हातच लावू देईना. नवमीचं कुंकू पुसतात का? "पुसू नको वं माय," म्हणाली, "मनी मोटार सौभाग्यवती शे." आता या बोलण्यापुढे कोण इंजिनीअर टिकेल सांगा. शेवटी मी तिला बाजूला बसवलं आणि म्हटलं, बाहेरच्या कुंकवाला मी धक्का लावत नाही, फक्त आतलं काढते. तिने माझ्या प्रत्येक बोटावर नजर ठेवली. झाकण परत लावलं तेव्हा पाचही ठिपके जागच्या जागी. म्हातारीने माझ्याच कपाळाला कुंकू लावलं आणि पिशवीत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी कोंबल्या.

आठही पेट्या चालू झाल्या. एकही कंपनीत परत न्यावी लागली नाही. पण ठरलेलं होतं ते बंद पडण्यावर, परत येण्यावर नाही, आणि मला पळवाट नको होती. येताना ड्रायव्हर म्हणाला, वाटेत आबांचं शेत लागतं, सोनं देऊन जाऊ.

ऊन उतरलं होतं. आबा विहिरीजवळ बाजेवर बसलेले. भाऊही आलेला, शेजारी खुर्चीवर, मोबाईल हातात. मी आपट्याची पानं दिली, पाया पडले. उठताना सहज भिंतीकडे नजर गेली. पेटीवर झेंडूची माळ, खाचांच्या खाली वाळलेले पांढरे ओघळ, आणि पेटीचा हिरवा दिवा विझलेला.

"आबा, ही पण बंद?"

"चालू शे ती," म्हणाले आणि केळीकडे बघायला लागले.

"दिवा लागत नाहीये."

आबांनी पागोट्याशिवायच्या डोक्यावरून हात फिरवला. "नारळ फोडा व्हता नवमीले. दर साल फोडस मी."

"मग फोन का नाही केला? दोन दिवस मोटार कशी चालवताय?"

"हाते."

स्टार्टरचं बटण दाबायला सत्तरी ओलांडलेला माणूस घरून इथवर येत होता, विजेच्या वेळा सांभाळत. मला काही कळेना. पेटी बंद पडली म्हणून सगळ्यांत आधी ज्याने ओरडायला हवं, तोच गप्प.

"आठ व्हयन्यात असं आयकं," आबा खाली बघत म्हणाले. "म्हटलं, नववी कशाले सांगू. तुनं टेबल जाई."

मी भाऊकडे वळले, कारण आबांकडे बघितलं असतं तर तिथेच रडले असते. "भाऊ, नऊ लिहा. आठ नाही, नऊ."

मग मी पिशवी उघडली. स्क्रू काढले. झाकण निघालं तसे आबा बाजेवरून उठले, चष्मा लावला, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि स्वतः कार्ड साफ करायला बसले. एकही भाग दुखावला नाही. मधूनच विचारायचे, हा इथे का घेतला, तो तिथे का नाही. एका जोडावर बोट ठेवून म्हणाले, "हाई सोल्डर कोनं?" माझं, म्हटलं. "चांगलं शे," म्हणाले. कितीतरी वर्षांत स्वतःच्या पेटीचं आतलं त्यांनी बघितलंच नव्हतं. बघण्यासारखं काही उघडतच नव्हतं. झाकण लावून मिस कॉल दिला आणि मोटार सुरू झाली तेव्हा पाटातल्या पाण्याकडे ते लहान पोरासारखे बघत होते.

भिंतीवर शेजारच्या खिळ्याला जुनी पेटी लटकत होती. रेझिनची. उन्हाळ्यात वीज पडली तेव्हा गेलेली. आबांनी ती काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आते हाई उघड."

"ही उघडत नाही, आबा."

"उघड म्हनस ना मी."

मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी पेटी चारी बाजूंनी फिरवून बघितली, स्क्रू शोधत. मग खोलीतून छिन्नी-हातोडी आणली. हलकेच ठोकलं. काळी कपची उडाली. परत ठोकलं. कपचीबरोबर कार्डाचा तुकडाही निघाला, हिरवा, त्यावर तांब्याच्या बारीक रेघा, वीज पडूनही चकचकीत. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि चष्म्याजवळ नेऊन बघितला. भाऊने मोबाईल खिशात टाकला.

"मी चुकनू," आबा म्हणाले.

अठरा वर्षांत या माणसाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. भाऊने तर जन्मात ऐकला नसेल, तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. लपवायचं कोणापासून?

भाऊ घसा खाकरून म्हणाला, "अक्का, खाचा खालच्या बाजूला घेता येतील?"

"येतील. आणि समोर मधोमध एक गोल सपाट जागा ठेवू. कुंकवाला. कोणाला पुसायची वेळ नको."

"फॉर्ममध्ये ते काय म्हणून लिहू?"

"काहीबी लिख," आबा म्हणाले, "रेझिन तेवढं बंद कर. आन अक्कानं टेबलले दुसरी खुर्ची लाव. सोमवारपाइन मी येस."

मला वाटलं दसऱ्याच्या भरात बोलून गेले. पण सोमवारी बरोबर नऊ वाजता ते आले, स्वतःचा चष्मा आणि स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्का, तुनं टेबल बहू घान शे."